एमिलदादाचा फोटो कुठला लावायचा

मंडळी, जयभीम. मारीवहिनी, तुम्हाला मराठी कळत नाही, पण मी तुमच्या एमिलबद्दलच बोलतोय, एवढं ओळखाल. तुम्ही सगळे कामं टाकून लेस्टरच्या या हॉलवर आलात. मला बोलायचं नव्हतं. पण मंगळवारी एमिलदादाचं हृदय थांबलं, तेव्हापासून लाँड्रीत माझ्या समोरची जागा मोकळी आहे. म्हणून बोलतो.

हॉस्पिटलच्या मोठ्या चादरी घडी घालायच्या मशीनमध्ये बसत नाहीत. दोघांनी टोकं धरायची, झटकायची, मग चालत जवळ यायचं. जवळ आलो की तो एक वाक्य बोलायचा. पुन्हा लांब. असा मला त्याचा देश, हैती, कळला. माझं शिक्षण आठवी, कुठल्याच नोकरीत टिकत नव्हतो, इथे त्याच्यामुळे टिकलो. पहिल्या दिवशी मी विचारलं, "हैती आफ्रिकेत का?" तो म्हणाला, "आणि तू इंडियातून हत्तीवर आलास का?"

चादरीमागून चादर. गुलामांनी स्वतः लढून देश मोकळा केला. पुढे अमेरिकेचं सैन्य आलं, वर्षानुवर्षं बसलं. मग हुकूमशहा आला, त्याची काळ्या गॉगलची माणसं आली. एमिलदादाचे वडील शाळामास्तर. त्यांना गॉगलवाल्यांनी नेलं. ते परत आलेच नाहीत.

आणि कँटीनच्या टीव्हीवर काय दिसायचं? दंगल. पूर. हात पसरलेली माणसं. कुणी म्हणायचं, "तुझा देश आला बघ." तो म्हणायचा, "देश नाही आला. पूर आला."

एप्रिलात जयंतीला तो इथेच, मागच्या रांगेत बसायचा. स्टेजवरचा फोटो बघून एकदा म्हणाला, "सूट, चष्मा, हातात पुस्तक. हा फोटो कुणी निवडला?" मी म्हटलं, "आम्हीच." म्हणाला, "नशीबवान आहात. आमचे फोटो दुसरेच निवडतात."

संजूभाऊ, राग मानू नका. दारात तुम्ही त्याच्या नावाखाली पुराचं चित्र लावलंय. चिखलात उघडं पोर. खाली मदतीचा डबा. मन चांगलं आहे तुमचं, मदत मीही करेन. पण हे आपल्या हातून व्हावं? आपला आजा वारला आणि कुणी दारात गावाबाहेरच्या पडक्या झोपडीचं चित्र लावलं, तर? आपण आत आलो असतो?

वहिनी ते बघून दारातच थांबल्या. त्यांनीही एक फोटो आणलाय, सकाळी मला दाखवला. वडिलांच्या शाळेसमोर तरुण एमिलदादा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, मान ताठ. अजून त्यांच्या मांडीवर पालथाच आहे तो.

संजूभाऊ, तेवढं चित्र उतरवा. वहिनी, हा हात पुढे केलाय, द्या तो फोटो. मेणबत्तीजवळ ठेवतो. मग सगळे उभे राहू, दोन मिनिटं गप्प राहू. फक्त आज कुणी डोळे मिटू नका. त्याच्याकडे बघा.