पाचव्या प्रश्नाला नापास

सन्माननीय अध्यक्ष पाळकसाहेब, व्यासपीठावरील वडीलजन, आजचे सत्कारमूर्ती आदरणीय मास्तर आणि मंडळीतील बंधुभगिनींनो,

मास्तरांबद्दल दोन शब्द बोलायचा मान मला दिलात, आभारी आहे. तुम्ही आपणहून दिलात असं नाही, मीच हट्टाने मागून घेतला. सत्तावीस वर्षं मास्तरांनी बाप्तिस्म्याच्या उमेदवारांची तोंडी परीक्षा घेतली. पाच प्रश्न असायचे. चार सोपे. पाचवा मात्र भल्याभल्यांना घाम फोडायचा: नुसतं मानणं आणि तारणारा विश्वास, यांत फरक काय?

माझे बाबा या प्रश्नाला तीनदा नापास झाले. बाबा इमारतींना बांबूच्या परांच्या बांधायचे. शाळा चौथीपर्यंत. तिसऱ्या वेळी मी दाराबाहेर उभी होते, म्हणून त्यांचं उत्तर मला शब्द न् शब्द ठाऊक आहे. "साहेब, परांची मजबूत आहे असं खाली उभं राहून सगळेच म्हणतात. मी वर चढलोय. आता देव धरेल नाहीतर मी पडेन."

याहून चांगलं उत्तर इथे कोणाकडे आहे? मास्तर म्हणाले, "हे पुस्तकातलं उत्तर नव्हे." आणि शेरा मारला, अपात्र.

तीन आठवड्यांनी बाबा गेले. बाप्तिस्मा नाही म्हणून मंडळीच्या दफनभूमीत जागा नाही. गावाबाहेरच्या सरकारी जागेत त्यांना पुरलं. आई बाप्तिस्मा घेतलेली, तिची जागा इथे. ती पहा, तिसऱ्या रांगेत बसली आहे. मेल्यावर नवऱ्याशेजारी पडावं, एवढंच तिचं मागणं आहे. वडीलजन म्हणतात, मास्तरांनी शेरा बदलला तर बाबांना इकडे आणू. आणि मास्तर उद्या मुलाकडे परदेशी चालले.

अध्यक्ष महोदय, चिठ्ठ्या नका पाठवू, संपवतेच आहे.

गेल्या वर्षी मास्तरांचं ऑपरेशन झालं. त्या खोलीत नर्स मीच होते. पेशंटची गोष्ट बाहेर सांगायची नसते, हे मला चांगलं ठाऊक आहे. खुशाल तक्रार करा माझी! मास्तरांना डॉक्टरांच्या पदव्या पाठ, आजाराची माहिती पाठ. "डॉक्टरांवर माझा पूर्ण विश्वास आहे," असं सात वेळा म्हणाले, दाराची चौकट घट्ट धरून. टेबलावर काही केल्या आडवे होईनात. पाऊण तास! शेवटी मीच हात धरला आणि म्हटलं, "मास्तर, विश्वास दारात उभं राहून ठेवायचा नसतो. आडवे व्हा." तेव्हा झाले.

मी तेव्हा त्यांना नापास करू शकत होते. केलं नाही. आजच्यासाठी राखून ठेवलं होतं.

मास्तर, मान खाली घालू नका. हा माइक घ्या. फक्त एक वाक्य बोला, या सगळ्यांसमोर. तो माणूस पास होता, एवढंच.

...

ऐकलंत ना सगळ्यांनी? सचिवसाहेब, लिहून घ्या, आत्ता, आणि सही घ्या. आई, रडू नकोस गं. झालं तुझं काम.

आणि आता मास्तर हात जोडून मला म्हणतायत, क्षमा कर. माझी फार वर्षांची इच्छा होती, या माणसाने माझ्यापुढे हात जोडावेत. जोडले. क्षमा करायलाच हवी, हे मी मानते. लहानपणापासून मानत आले आहे. पण मास्तर, खरं सांगू? पाऊल उचलत नाही. दारातच उभी आहे मी.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल ऋणी आहे. बोलण्याच्या भरात तोंडून काही वावगं गेलं असेल, तर मोठ्या मनाने क्षमा करा. मला जमलं नाही, तुम्हाला जमेल.