मालतीमावशींचं बदललेलं वाक्य

मंडळी, नमस्कार. भर दुपारच्या या उन्हात कुणी गुरुग्रामहून आलात, कुणी नोएडाहून. मालतीमावशींसाठी आलात. माझं नाव दोनदा पुकारलं तरी मी उठत नव्हते. रडू येत होतं म्हणून नाही. लाज वाटत होती म्हणून.

मावशी करोल बागेत राहायच्या, केंद्र सरकारच्या एका खात्यात टायपिस्ट होत्या, हे तुम्हाला माहीत आहे. संध्याकाळच्या वर्गाला जाऊन त्या जर्मन शिकल्या. आणि निवृत्त झाल्यापासून एकाच कवयित्रीच्या कविता मराठीत आणत बसल्या. एकोणिसाव्या शतकातली, सरदार घराण्यातली जर्मन बाई. तिचं नाव मी घेत नाही. मावशींनी तीनदा म्हणून घेतलं होतं, तरी माझी जीभ वळली नाही. आज आणखी एक चूक नको.

त्या बाईबद्दल मावशी शेजारणीबद्दल बोलावं तसं बोलायच्या. "अगं, गढीत जन्मली, पण डोळे इतके अधू, की कागद नाकाला लावून वाचायची. हातोडी घेऊन दगड गोळा करत माळावर हिंडायची. आणि पुस्तक काढलं तर त्यावर पुरतं नाव नाही! आडनावाची नुसती आद्याक्षरं. घराण्याला शोभत नाही म्हणे."

मी हो हो करायचे. आपल्या मराठी मंडळाच्या वार्षिक अंकाची मी संपादक ना! म्हटलं, "मावशी, चार पानं देते. बस, त्याहून जास्त नाही हं." त्यांनी तीन कविता दिल्या आणि एक पान ओळख. त्या ओळखीत एक वाक्य होतं. 'तिच्या पहिल्या पुस्तकाच्या वाट्याला घरच्यांची चेष्टा आली.'

आता माझी अक्कल ऐका. मी दिल्लीत वाढले, हिंदी शाळेत शिकले. आमच्या घरी मस्करी म्हणतात. चेष्टा मला माहीत ती हिंदीच्या धड्यातली. चेष्टा करना, म्हणजे प्रयत्न करणं. मला वाटलं, मावशींच्या मराठीत हिंदी शिरलंय. मावशींच्या मराठीत! मी लाल पेन काढलं आणि वाक्य सुधारलं. छापून आलं ते असं. 'तिच्या पहिल्या पुस्तकामागे घरच्यांचे प्रयत्न होते.'

विचारलं का त्यांना? नाही. एक फोन केला असता तर? नाही केला.

पहाडगंजच्या शाळेच्या हॉलमध्ये प्रकाशन झालं. पाहुण्यांनी नेमकं तेच वाक्य उचललं. म्हणाले, बघा, तिथली घराणी मुलीच्या मागे कशी उभी राहायची! आपण टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मावशी तिसऱ्या रांगेत अंक डोळ्यांजवळ धरून बसल्या होत्या.

नंतर त्यांनी मला बाजूला घेतलं. "अगं, चेष्टा म्हणजे टिंगल. तिला घरचे हसले गं."

मी काय म्हणावं? मी म्हटलं, "अच्छा? सॉरी मावशी. पण चलो, अर्थ तर छानच झाला ना!"

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर आज मला उभं राहणं सोपं गेलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "तिच्या घरच्यांना माफ करायचं तर तिने करावं. तू कोण? आणि मी तरी कोण? पुढच्या अंकात दोन ओळींची दुरुस्ती छाप."

मी म्हटलं, बिल्कुल, नक्की छापते.

पुढच्या अंकात जाहिराती जास्त आल्या. त्याच्या पुढच्या वर्षी मी विसरले. त्याच्या पुढच्या वर्षी, खरं सांगते, विसरले नव्हते. आपली चूक छापायची मला हौस नव्हती. मावशींचा फोन यायचा. मुलांचं विचारायच्या, माझ्या गुडघ्याचं विचारायच्या. ठेवताना हळूच म्हणायच्या, "तेवढं दुरुस्तीचं बघ."

मघाशी कुणी म्हणालं, मंडळ कायम मावशींच्या पाठीशी होतं. होतं का हो? 'जर्मन मावशी' हे नाव कुणी पाडलं? त्यांचं काव्यवाचन आपण नेहमी जेवणाच्या आधी ठेवायचो, म्हणजे लवकर आटपेल. आणि स्नेहसंमेलनात चष्मा नाकावर घेऊन, घसा खाकरून त्यांची नक्कल कुणी केली? मी केली. तुम्ही पोट धरून हसलात. मावशीही हसल्या. एवढ्या जणांत बसलेलं माणूस दुसरं काय करणार? चेष्टा म्हणजे काय, ते मला तेव्हा येत होतं की! शब्द तेवढा येत नव्हता.

गेल्या मंगळवारी मावशी गेल्या. दुरुस्ती राहिली. पुढच्या अंकात मी ती छापीन, पण वाचायला त्या नाहीत.

तो अंक तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी असेल. घरी जाऊन शोधा. चौदावं पान काढा, शेवटून तिसरी ओळ खोडा, वर पेनने खरं वाक्य लिहा. एवढं माझ्यासाठी नको, त्या दोघींसाठी करा.

माझी प्रत मी आणली आहे. आता इथे, मावशींच्या फोटोसमोर बसून मी ते वाक्य माझ्या हाताने लिहिते. माझं अक्षर सावकाश येतं. तेवढा वेळ तुम्ही सगळे उभे राहा, आणि कुणी काही बोलू नका.