कच्चा जगरा

आमी मूळचे चांदूर बाजारच्या अलीकडचे. वावर थोडं अन् खानारे लय, म्हनून बापानं रोडग्याचं काम धरलं, अन् मी त्याच्या मांगं मांगं जगऱ्याजवळ बसूनच मोठा झालो. जगरा म्हंजे गवऱ्यांचा विस्तव. गवऱ्या रचायच्या, पेटवायच्या, धुवा पूरा निघून जाऊ द्यायचा, लाल इंगळ झाले का मंग कनकेचे गोळे, तेच रोडगे, टाकायचे, शेकले का राखेत दडपायचे. एवढंच काम हाये. पन सबर पाह्यजे, घाई चालत नाई, अन् सबर आमच्या घरान्यात कोनालेच नाई. कोनाचा नवस फिटला का मले फोन येते. रोडगे, वांग्याची भाजी, वरन, वरून तूप, खाऊन मानूस जाग्यावरच लवंडते.

बाप म्हने, रोडगा बिघडला का वाऱ्याले शिव्या द्याव, वारा काई उलटून बोलत नाई. जनमभर त्यानं तेच केलं. मी बी तेच केलं, खोटं कायले सांगू तुमाले.

आता सुमनवहिनी. माह्या थोरल्या भावाची बायको. गवऱ्या थापते, इकते, आमच्या इकडले सारे आचारी तिच्याच गवऱ्या नेतात. पीठ मळाले माह्यासंगं येते, पन तिची माही बोलचाल बंद. काहून इचारसान तर मायच्या पितळी गंजावरून, भाजी शिजवाच्या मोठ्या भांड्यावरून. माय गेली, गंज तिनं उचलला, मी म्हटलं माहा हाये, ती म्हने माहा. झालं. तवापासून मी समोर उभा असलो तरी ती आमच्या सामानाच्या गाडीच्या ड्रायव्हरले सांगते, त्याइले म्हना तेल कमी हाये. मी बी ड्रायव्हरलेच सांगतो, म्हना डब्यात पाहा. त्याचं डोकं उठते बिचाऱ्याचं.

तर तेल्हाऱ्याच्या इकडं एका भाऊसायबाच्या वावरात नवसाचं जेवन होतं. गवऱ्या आमीच नेल्या, वहिनीच्या. जगरा पेटवला, धुवा निघून रायला होता, तेवढ्यात त्याइचा पुन्याचा जावाई मोबाइल घेऊन आला. म्हने काका, धूर हाये तवाच रोडगे टाका, व्हिडिओत मस्त दिसते. जावाई मानूस, त्याले नाई कसं म्हनाव. पन त्यानं काई माहा हात धरून रोडगे टाकले नाईत. मलेच वाटलं, दिसू दे जगाले. टोपी नीट केली अन् टाकले. राखेत दडपतानीचा व्हिडिओ बी पाह्यजे होता त्याले, तर दडपले बी लवकर.

पंगत बसली. भाऊसायबाच्या बुढ्या बापानं पह्यला रोडगा फोडला, तर मधात कच्चं पीठ अन् धुव्याचा वास. पंगतभर हात थांबले. भाऊसायेब तनतनत आले, म्हने हे काय केलं, नवसाच्या जेवनाची पार माती केली, गवऱ्या ओल्या होत्या काय?

पाहा बाप्पा. असं उत्तर कोन देते मानसाले, ताटात वाढून? म्या नुसती मान हालवली असती तरी भागलं असतं. वहिनी परातीजवळ उभी होती, हात पिठाचे, माह्याकडं पाहून रायली. पंगतीत गावोगावचे लोक होते. ओल्या गवऱ्यांची गोठ एकदा फिरली का तिच्या गवऱ्या कोन घेते? तिच्या घरचा चुल्हा त्याच्यावर चालते, भावाचा भरोसा नाई. अन् सांगतो तुमाले, मले घडीभर मजा वाटली. गंज आठवला.

मंग म्हटलं, नाई भाऊसायेब, गवऱ्या खडखडीत वाळल्या होत्या. धुवा निघाल्याबिगर मीच रोडगे टाकले. तिची कीव आली म्हनून म्हटलं असं नका समजू. गवरी चांगली होती. जनमभर जगऱ्याजवळ बसलो, चांगल्या गवरीले ओली म्हनाले जीभ उचलली नाई, बस. जावायानं मोबाइल खिशात टाकला अन् आंब्याखाली जाऊन बसला. भाऊसायेब लय बोलले, म्या आइकून घेतलं. उरल्या पिठाचे रोडगे फिरून केले, बुढा तवापर्यंत ताटावर बसून रायला. शरम वाटली मले त्या बुढ्याची. त्या घरचा फोन मंग कधीच नाई आला, त्याइच्या सोयऱ्याइचे बी बंद झाले.

 तो व्हिडिओ मंग गावात आला, लोक म्हने वा काका वा. वहिनीनंबी पाह्यला. आंगनात आली, ड्रायव्हर नाई, मधात कोनी नाई, सिदी माह्या तोंडावर म्हने, एवढा धुवा दिसते ना त्यात, आंधळे झाले होते काय भाऊजी? कितीक वर्सानं बोलली, तर हे बोलली. म्हटलं, हो, झालो होतो.

आता जगरा लावला का ती बाजूले येऊन उभी रायते. म्या रोडगा हातात घेतला का म्हनते, थांबा. मी थांबतो.

परवा परतवाड्याच्या कामाले लय वारा होता, रोडगे एका अंगानं करपले. मालक चांगला मानूस, त्यानंच म्हटलं, वाऱ्यानं झालं असन. बाप आठवला मले. म्हटलं, वारा होता, पन आडोसा लावाचं काम माहं होतं. वहिनी पीठ मळत होती, तिनं मान वर नाई केली, ड्रायव्हरले म्हने, त्याइले चहा द्या.

चाललं हाये. देव सगळ्याइले सबर देवो. गंज अजून तिच्याच घरी हाये.