सापगावचा मामा

मुरबाडच्या एसटी स्टँडवर पुण्याच्या गाडीची वाट बघताना अनिलच्या कानावर शेजारच्या बाकावरचं सगळं पडत होतं. समीक्षा नावाची पोर पहिल्यांदाच एकटी पुण्याला निघाली होती आणि तिची आत्या तिला शहाणी करून सोडत होती.

"अनोळखी माणसाशी बोलायचं नाय."

"नाय बोलत, आत्या."

"कोणी खायला दिलं तर घ्यायचं नाय."

"नाय घेत."

"कुठं राहणार, कोणाला सांगायचं नाय. काय ओ दादा, तुमी पण पुण्याला का?"

"हो," अनिल म्हणाला.

"गाव कुठलं?"

"सापगाव."

"सापगावात कोणाचे?"

"महादू भोईरांचा धाकटा."

"अगो बाय! हिची आई सापगावचीच. मंग तुमी हिचे मामाच झाले! नर्सिंगला चाललीय. पुण्याच्या स्टँडच्या मागचं मुलींचं होस्टेल, खिडकीजवळची खाट. हा लाडवांचा डबा तुमच्याकडंच ठेवा, ही विसरभोळी हाय."

गाडी आली. दोघं शेजारी बसली. आत्या हात हलवत मागे राहिली.

"मामा, इकडं बघा जरा."

"फोटो कशाला गो?"

"मैत्रिणीला पाठवते. गाडीचा नंबर मघाशीच पाठवलाय."

"बरं बाय. लाडू तरी घे. तुझ्या आत्याचेच हायत."

"डबा तुमच्याकडं होता ना? आधी तुमी खा."

अनिलने मुकाट्याने एक अख्खा लाडू संपवला.

"घे आता."

"थांबा. टोकावडे येईपर्यंत तुमी जागे राहिलात, तर मंग मी खाते."