घ्याचंच हाय तं मोठं घे!

...नाही नाही, तुमीच सांगा, चाळीस डीबीचं काय करू मी? लोनचं घालू त्याचं? अन् वरून घरचे मलेच इचारते, "मंग घेतलं काहून?" अरे बाप्पा, मी घेतलं का? तुमी घ्याले लावलं! अख्खं घर माह्या डोक्यावर बसलं होतं, "घ्याचंच हाय तं मोठं घे!"

थांबा, पयल्यापासून सांगतो, नाही तं तुमाले वाटीन जीवनभाऊले ऊन लागलं. मी जीवन. अकोल्यात जुन्या शयरात माहं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं... म्हंजे दुकान हाय, टीव्ही येत नाही. बाकी घर सारं भाजीपाल्याचं. मोठे भाऊ किसनराव तेल्हाऱ्याकडं वांगे-टमाटर लावते, माय तानुबाई अजून पाटी घेऊन बाजारात बसते. अन् माही पोट्टी करिश्मा, अमरावतीले इंजिनिअरिंगले हाय. तिच्या कॉलेजातल्या पोट्ट्यायनं मिळून उपग्रह बनवला. हासू नका! खरा उपग्रह! बुटाच्या खोक्याएवढा, मोठ्या उपग्रहायसंग लिफ्ट मागून वर गेला. अन् त्याच्यात जो आवाज देनारा भाग हाय ना, ट्रान्समीटर, थो माह्या पोट्टीनं बनवला! माह्या दुकानात बसून, माह्याच सोल्डरिंगनं!

तीन हप्ते झाले वर जाऊन. आवाज नाही. कॉलेजचा अँटेना ऐन वक्तावर वादळात वाकला, अन् त्यायचे सर, लय शुद्ध बोलते थे, म्हने, "करिश्मा, तुझा बोर्ड बहुधा मृत आहे. सोमवारी अहवालात तसं नमूद करावं लागेल." मृत! अरे, न ऐकताच मृत? अँटेना तुमचा आडवा पडला अन् मेली माही पोट्टी? तिचा फोन आला. नुसती नाक ओढे. मंग म्हने, "बाबा, तुमी ऐकून पाहा ना." बस, येवढंच. मले फक्त थ्या खोक्याचा आवाज ऐकाचा होता हो!

आता आवाज येते पाचशे किलोमीटरवरून, ताकद झिरोच्या बल्बाएवढी. त्याले पकडाले दोन वस्तू लागते. एक, लो नॉइज ॲम्प्लिफायर. काडेपेटीएवढी डबी, अँटेनाच्या गळ्याशीच बसते, बारीक आवाज मोठा करते पन सोताची खरखर त्यात घालत नाही. दुसरा मिक्सर. चटनीचा नाही! थो जोक मोहल्ल्यानं करून झाला. हा मिक्सर वरचा सिग्नल इतका खाली उतरवते का माह्या जुन्या सेटले ऐकू यावं. झालं. बसलो थ्या वस्तूंच्या माहितीचे कागद घेऊन. एकेकाचे बत्तीस-बत्तीस पानं! लग्नाच्या बायोडाट्यासारखं हो, सारं चांगलंच लिहेल असते, अन् जे लपवाचं थे खाली बारीक अक्षरात, चांदनी मारून.

मी पेन्सिलीनं खूण केली, वीस डीबीवाला ॲम्प्लिफायर. डीबी म्हंजे आवाज किती वाढवते त्याचं माप. पुरे होते. तेवढ्यात माय आली.

"काय घेतं रे?"

"आवाज वाढवाची डबी."

"किती वाढवते?"

"ही वीस, अन् थे दुसरी चाळीस."

"मंग वीसची काहून घेतं? घ्याचंच हाय तं मोठं घे!"

तुमाले सांगतो, हा आमच्या घरचा रोग हाय. मले पाचवीत घेतलेला शर्ट दहावीत मापात आला, अन् आला तवा फाटला. लग्नाचा कोट असा, का फोटोत मी पावन्याच्या मांडीवर बसल्यासारखा दिसतो. गच्चीवर मोबाईलचा टावर बसवाचा होता, कंपनीवाले म्हने दोन तऱ्हेचे हाय, किसनभाऊ काय म्हनले असन? "बसवाचाच हाय तं मोठा बसवा!" बसवला. कबुतरं बी त्याच्यावर दम खाऊन चढते.

मंग नागपूरले पिंटूले फोन लावला, सामान इकते थो. म्हने, "जीवनभाऊ, बीस डीबी तो आजकल कोनी घेतच नाही. चालीस घ्या, इज्जत राहते." अन् मिक्सर? म्हनलं, सात लेवलचा दे, मिक्सरले चालवते थो माहा ऑसिलेटर तेवढाच जोर लावते. "सात? बच्चों का है भाऊ! सतरावाला घ्या, तगडा हाय." मी म्हनतो नको, थो म्हनते घ्या, इकून माय म्हनते घे, तिकून भाऊ दुसऱ्या फोनवरून म्हनते घे, अन् शेवटी मायनं फोनच हिसकला, "लेका, येवढं सामान घेऊन राह्यलो, वरून काही टाकशीन का नाही?" अहो, कोथिंबीर मांगून राह्यली का! पन पिंटू बी तसाच. "टाकतो माय, टाकतो."

बुधवारी डबा आला. लावलं सारं गच्चीवर. संध्याकाळी उपग्रह आला डोक्यावर, मी कान लावून बसलो, अन् काय आला आवाज? घर्रर्रर्र! हजार मानसं एकाच वेळी आंघोळ करून राह्यले असा! टावर हो, टावर! पाच हातावर आमचाच टावर, त्याचाच आवाज थ्या चाळीस डीबीनं धा हजारपट केला. खोक्याचा आवाज कुठं दाबून मेला, पत्ता नाही. अन् मिक्सर? सतराचा पैलवान आनला अन् जेवाले अर्धी भाकर! माहा ऑसिलेटर सातच देते, थो काय हलनार? मधे फिल्टर टाकाचा, थो नको थे गाळून घेते, म्हनून पिंटूले फोन केला तं म्हने, "आठ दिवस लागतीन." अन् आजचा वार बुधवार. सोमवारी पोट्टी मृत!

रात्रभर तिचा चेहरा दिसे. गुरुवारी चिडून डबा उलटा केला, फेकालेच घेतला, तं बुडाशी, थर्मोकोलच्या खाली, दोन बारक्या पुड्या. चिठ्ठी, "आजीसाठी वरून." काय होतं त्याच्यात? वीस डीबीवाला ॲम्प्लिफायर! सातवाला मिक्सर! बाप्पा हो! जे मले पायजे होतं थेच, कोनी घेत नाही म्हनून फुकट टाकलेलं! मी मायच्या पाया पडलो. तिले वाटलं मी गावाले चाललो.

चाललोच होतो. टावरपासून दूर जाचं होतं ना! दोन दिवस जोडनीत गेले, आयतवारी सारं मोटरसायकलवर बांधून किसनभाऊच्या वावरात, तेल्हाऱ्याच्या पुढं. थ्या वावरात मोबाईलले कांडीभर रेंज नाही, म्हनून सारा गाव भाऊले हासते. मी म्हनलं, हेच पायजे! वांग्याच्या सरीत अँटेना उभा केला. पाच वाजून ईस मिनिटं. भाऊ पाठीवर फवारनीचा पंप घेऊन बाजूले उभे. नुसती सुरसुर... सुरसुर... मी बटन फिरवून राह्यलो... अन् आला! टिक टिक टिक, टूंऽऽऽ! तीन बारीक, एक लांब! पोट्टीनं सांगितलं होतं अगदी तसा! आठ मिनिटं बोलला थो. आठ मिनिटं मी रडलो. खोटं काहून बोलू?

मोबाईलवर रेकॉर्ड केलं, लगेच पोट्टीले फोन लावला... अन् फोन लागेना! रेंज कुठं हाय? अंतराळातलं ऐकू आलं, अमरावती लागेना! पयालो, सरीतून, धुऱ्यावरून, आडवा-तिडवा, सडकेवरच्या पान्याच्या टाकीवर चढलो, या वयात, तवा कुठं एक कांडी आली. पाठवलं. फोन आला. पोट्टी एकदम वरडली, "बाबाऽ, जिता हाय थो!" मांगून अहवाल लिहीत बसलेल्या सरांचा आवाज, "अभिनंदन, अहवालात तशी दुरुस्ती करतो." करा, करा! ठळक अक्षरात करा!

खाली उतरून वावरात परत आलो. छाती अशी फुगलेली. भाऊले रेकॉर्डिंग आयकवलं. त्याइनं डोये मिटून पुरं आयकलं, मले वाटलं आता हे बी रडते.

"येवढासाच आवाज?"

"हो भाऊ."

"अन् उपग्रह केवढा म्हनला तू?"

"बुटाच्या खोक्याएवढा."

माह्या खांद्यावर हात ठेवून म्हने, "जीवन, चूक तिथंच झाली. पाठवाचाच होता तं मोठा पाठवाले पायजे होता!"

घरी येऊन मी हासत-हासत पोट्टीले फोनवर हे सांगितलं. म्हनलं, आयक तुह्या मोठेबाबाचं! तं थे काय म्हनली, मालूम हाय?

"बाबा, मोठेबाबा बरोबर म्हनते. पुढचा आमी कपाटाएवढा करून राह्यलो!"

जाऊ द्या. चाळीस डीबीवाला मी जपून ठेवला हाय... लागीन तिले.