टिचकीनानांचं कपाट

फोरमन : …डबा एक, चष्मा एक, हातमोज्यांचे जोड दोन. खडूची पेटी इथेच राहू दे का, ताई? पोरं मागतायत, आठवण म्हणून.

मुलगी : राहू द्या. बाबांना आवडलं असतं.

फोरमन : अख्खी शेड त्यांना टिचकीनाना म्हणायची. यान अवकाशातून परत आलं की हे त्याच्या पोटाखाली आडवे. तापापासून वाचवणाऱ्या एकेका टाइलवर नखानं टिचकी. भरीव वाजली की खडूची रेघ, पोकळ वाजली की फुली. फुलीची टाइल काढून पुन्हा चिकटवायची. एक जरी सैल राहिली, तर परतीच्या वाटेवर तिथूनच जाळ आत शिरतो.

मुलगी : घरात भांडीसुद्धा वाजवून बघायचे. आई वैतागायची.

फोरमन : आणि हा एक खोका. सीलही फोडलेलं नाही. काय आहे हे?

मुलगी : …हा इथे कसा?

फोरमन : ओळखीचा आहे?

मुलगी : कानाचं यंत्र आहे. मागच्या वर्षी सुट्टीला आले होते, तेव्हा मीच आणून दिलं. दारावरची घंटासुद्धा ऐकू येत नव्हती त्यांना.

फोरमन : कुणाला?

मुलगी : बाबांना. म्हणजे… तुम्हाला ठाऊक नव्हतं?

फोरमन : ताई, थट्टा नका करू.

मुलगी : बाप जाऊन तीन आठवडे झालेत. थट्टा करीन?

फोरमन : अहो, इथे पंपांचा हा गोंगाट, सगळ्यांचेच कान झाकलेले. बोलणं सगळं हातांनी. फक्त त्यांच्या टिचकीसाठी पंप बंद करायचो. पन्नास माणसं श्वास धरून उभी राहायची.

मुलगी : आणि ते रेघा मारायचे.

फोरमन : रेघाच. वर्षभरात एक फुली नाही. मी… मी चिकटवणाऱ्या पोरांना शाबासकी दिली हो.

मुलगी : कान तपासत नाहीत का तुमच्याकडे?

फोरमन : दरवर्षी तपासतात. यंदा ते म्हणाले, काम पडलंय. मी म्हटलं, जा नाना, तुमचे कान काय तपासायचे! आणि ठीक म्हणून सही ठोकली.

मुलगी : तुम्ही?

फोरमन : मीच. यंत्र कानात दिसलं असतं, तर त्याच दिवशी तपासणीतून नाव कमी झालं असतं त्यांचं. म्हणून फोडलं नसणार.

मुलगी : यान आता कधी जाणार?

फोरमन : परवा सकाळी. चौघं जाणार आहेत त्यातून.

मुलगी : टाइल्स बाबांनीच तपासल्या?

फोरमन : डाव्या बाजूच्या नऊशे. मशीन आहे, पण ते शंभरातल्या दहाच बघतं. बाकी त्यांच्या नखावर. तरी दोनदा गेलं, दोनदा सुखरूप आलं, ताई.

मुलगी : म्हणजे दोनदा वाचलो.

(बाहेर पाळी संपते, पंप बंद होतात.)

फोरमन : उद्या शेडच्या दारावर त्यांच्या नावाची पाटी लागायची आहे. हे वर कळवलं, तर पाटी राहिली बाजूला, नाव तोंडी घेणार नाही कुणी. माझं तर नाहीच. खोका पिशवीत टाका, यादीत लिहिलाच पाहिजे असं नाही. मी… मी काहीतरी निमित्त काढून टाइल्स पुन्हा बघायला लावतो.

मुलगी : निमित्तावर थांबवतील?

फोरमन : …नाही. तीन आठवड्यांचं काम आहे. निमित्तावर नाही थांबवणार.

मुलगी : मग लिहा.

फोरमन : ताई, एकदा विचार करा. तीस वर्षांची पुण्याई आहे त्यांची.

मुलगी : लिहा. कानाचं यंत्र, एक. सील न फोडलेलं. तारीख घाला. खाली मी सही करते, शेजारी तुम्ही करा.

फोरमन : …लिहिलं. घ्या. फोन लावतो आता वर.

मुलगी : लावा.

फोरमन : तुम्ही बसा जरा. पाणी घ्या. ते यंत्र लावत नाहीत, असा तुम्हाला कधी संशय नाही आला?

मुलगी : दर रविवारी फोन करायचे मी. काहीही विचारलं तरी 'हो, हो' म्हणायचे. मला वाटायचं, वयानं स्वभाव निवळला.