रूथ त्या आवाजात प्रार्थना करती

माझं नाव सुशीला. माहेर नगरकडचं. आमी आजोबांच्याबी आधीपासून ख्रिस्ती, गावात आमचं छोटं देऊळ व्हतं, चर्चला आमी देऊळच म्हनतो, त्यात पेटी आनि टाळ, दुसरं काय वाजत नसायचं. लगीन झालं तशी मी अंबरनाथला आले, मालक तिकडं केमिकलच्या कंपनीत व्हते, आनि आता ऱ्हाते बदलापूरला, हेंद्रेपाड्यात, मी आनि माझी पोरगी रूथ, दोघीच. मी उल्हासनगरात जीन्सच्या कारखान्यात धागा कटिंगला जाते, पँट शिवून आली की तिचे लोंबनारे धागे कापायचे, दिवसभर तेच. रूथ लॅबमध्ये हाय, लोकांचं रक्त काढती. हात इतका हलका की पेशंट तिचं नाव घेऊन विचारत येत्यात. आनि तीच पोरगी गायला लागली की काय सांगू तुमाला, मानसं उठून बाहेर जात्यात.

मालक गेले तवा रूथ कॉलेजात व्हती. त्यांच्या छातीत कंपनीतला वास बसला व्हता असं मी म्हनते, डॉक्टर दुसरंच कायतरी म्हनायचे. शेवटी शेवटी श्वास घेताना त्यांच्या गळ्यातून आवाज यायचा, खरखर, खोल, विहिरीच्या तळातनं कुनी दगड वढतंय असा, आनि आमी दोघी दोन बाजूंना बसून तो ऐकायचो. ते गेले आनि रूथनं देवळात गायचं सोडलं. आधी तिचा गळा गोड, नाताळाला एकटीचं गानं तिचंच असायचं. मी म्हनलं, बाळा, गा ना. तर म्हनली, आई, गोड आवाजात देवाशी खोटं बोलल्यावानी वाटतंय मला.

मंग तिला ती बँडची पोरं भेटली. काटेरी नाव बँडचं, प्रभूच्या डोक्यावरच्या मुकुटावरनं. हेवी मेटल म्हनत्यात त्या गान्याला, मला तवा काय ठाऊक. सगळी देवळात जानारी पोरं, काळे शर्ट, लांब केस, आनि वाजवायच्या आधी डोळे मिटून प्रार्थना करनारी. उल्हासनगरात कॅम्प एकमध्ये लालूशेठ म्हनून सिंधी व्यापारी हायेत, त्यांच्या गोडाऊनच्या माळ्यावर यांची प्रॅक्टिस, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. एक दिवस मी कामावरनं सुटले तशी रूथ मला तिथं घेऊन गेली. गिटार सुरू झाली तशी जमीन हालायला लागली, ड्रम तर असा की शिलाईच्या मशिनींची अख्खी लाईन एकदम सुरू व्हावी. आनि मंग माझ्या पोरीनं तोंड उघडलं. मला वाटलं हिच्यात कुनीतरी शिरलं. मी उठले, हिला वढून बाहेर न्यायची म्हनून, आनि मधीच थांबले. तो आवाज मला माहीत व्हता. मालकांचा श्वास व्हता तो. आनि त्या आवाजात ती म्हनत व्हती, देवा, तू कुठं व्हतास, तवा तू कुठं व्हतास. मी खाली बसले आनि रडले. लालूशेठ चहा घेऊन वर आले, म्हनले, अम्मा, शुरू में मैं भी डर गया था.

हरी मला तिथंच भेटला. बारवी धरनाकडच्या डोंगरातल्या पाड्यावरचा, चांगला पंचविशीचा गडी, गोडाऊनात हमाली करायचा. आधी जिन्यात उभा राहून ऐकायचा, मंग वर यायला लागला, मंग बँडचा काळा टी-शर्ट घेतला, केस वाढवले. मी त्याला विचारलं, तुला काय कळतं रे यातलं. म्हनला, मावशी, तुमच्या देवाचं मला काय म्हाईत न्हाई, पन ती अशी वरडती ना, तवा माझ्या छातीतलं मोकळं व्हतं. कुनी त्याला बाप्तिस्म्याचं विचारलं न्हाई, त्यानं मागितला न्हाई. हे मी तुमाला देवासमोर सांगते, कारन फुडं जे झालं ते यावरनंच झालं.

बदलापुरात एका हॉलमध्ये यांचा कार्यक्रम झाला. हरी सगळ्यात फुडं, ल्हान लेकरावानी रडत व्हता. रूथ गाता गाता वाकली आनि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. एवढंच. कुनीतरी ते मोबाईलवर घेतलं, मागचं फुडचं कापलं आनि खाली लिवलं, गरीब पोरांवर जादू करून धर्म बदलती, हिला ओळखून ठेवा. कारखान्यात माझ्या शेजारी बसनारीनं मला तोच व्हिडिओ दाखवला, म्हनली, बघा ना ताई, काय बाई हाय. तिला ठाऊक नव्हतं ती माझी पोरगी. मी धागे कापत ऱ्हायले.

मंग दोघं जन रूथच्या लॅबवर आले. सभ्य बोलनारे, इस्त्रीचे शर्ट. एकानं बाही वर केली, म्हनला, रक्त तपासायचंय. तिनं सुई घातली. सुई आत असताना तो हळू म्हनला, ताई, हेंद्रेपाड्यातनं एकट्याच चालत येता ना तुमी रोज. तिचा हात हलला न्हाई. रक्त काढलं, कापूस लावला, पट्टी लावली, आनि फुडच्या पेशंटला हाक मारली.

मी आमच्या देवळातल्या पाळकसाहेबांकडं गेले. म्हनले, सुशीलाबाई, आधी तो आवाज बंद करा, तो आवाज देवाकडचा न्हाई. मी म्हनलं, पाळकसाहेब, दुखतंय म्हनून मानूस वरडला तर तो आवाज कुनाकडचा. मंग म्हनले, आधीच लोकांची देवळावर नजर हाय, तुमच्यापायी अख्खी मंडळी अडचनीत यायला नको. त्यांच्या डोळ्यात भीती व्हती, मी त्यांना बोल लावत न्हाई. मी पोलीस चौकीत गेले, तिथले म्हनले, कुनी मारलं का, न्हाई ना, मंग गानं बंद ठेवा थोडे दिवस. लालूशेठनी माळ्याला कुलूप घातलं, माझ्याकडं न बघता म्हनले, अम्मा, बच्चे अच्छे हैं, पर मेरा भी धंदा है.

आनि हरीचा फोन लागंना. आज लागंल उद्या लागंल करत आमी वाट बघितली, शेवटी दोघी जीपनं त्याच्या पाड्यावर गेलो. अलीकडं भाताचं शेत, भात पोटरीला आलेलं, मधी बुजगावनं. रूथ बांधावरच थांबली. बुजगावन्याच्या अंगात बँडचा काळा टी-शर्ट व्हता, छातीवर काट्यांचा मुकुट. आनि वरच्या मडक्याला केस चिकटवलेले, लांब, मानसाचे.

हरीची आई दारात आली. आत या म्हनली न्हाई. म्हनली, शहरातनं मानसं आलती, मारलं न्हाई त्याला, सगळ्या पाड्याला गोळा केलं आनि त्यांच्यासमोर त्याचं केस कापलं. दुसऱ्या दिशी तो निघून गेला. कुठं गेला ते मलाबी बोलला न्हाई, बरं केलं, कुनी विचारलं तर माझ्या तोंडून निघायला नको. मी म्हनलं, माय, तो शर्ट तरी काढून टाक. ती म्हनली, काढायचा न्हाई म्हनून सांगितलंय, ते बघाया येत्यात. मंग रूथच्या तोंडाकडं बघत ऱ्हायली. म्हनली, तुझं गानं त्यानं मला फोनवर ऐकवलं व्हतं, बाय. मला भ्या वाटलं. पन तो हसत व्हता.

घरी आल्यावर मी रूथला म्हनलं, पुरे आता, तुझ्या बापाला मी दिलं, तुला द्यायची ताकद माझ्यात न्हाई. मंग म्हनली, आई, मी आता गप बसले तर त्या पोरावर मी खरंच जादू केली व्हती असं व्हईल.

हरीचा अजून काय पत्ता न्हाई. आनि ही पोरं परत वाजवनार हायेत. जागा तुमालाबी सांगत न्हाई, राग मानू नका. एक पत्र्याची शेड हाय, पोस्टर न्हाई, एकानं दुसऱ्याला निरोप द्यायचा. निरोप कुठपत्तर जातो ते कुनाच्या हातात हाय. जे येतील त्यात ऐकायला कोन आला आनि बघून ठेवायला कोन, कसं वळखायचं. पोरं म्हनली, मावशी, तुमी आत आमच्यामागं बसा. मी म्हनलं, न्हाई, मी दारात खुर्ची टाकून बसनार. येईल त्याचा चेहरा बघनार आनि त्याला ये बाबा म्हननार. आत जायचं तर माझ्यावरनं जावं लागंल, एवढं तरी व्हईल.

तुमी इतक्या लांबून आलात, बसून सगळं ऐकलंत, प्रभू तुमचं भलं करो, तुमच्या लेकरांचं भलं करो. खाली बिल्डिंगच्या गेटपाशी हल्ली दोघं तिघं उभे असत्यात. तुमाला थांबवतील, कुनाकडं आलता म्हनून विचारतील, नाव विचारतील. सांगून टाका. आमीबी आमचं नाव सांगितलंय.